चार डोळ्यांची डीएस १९५५ ची नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हॉर्निमन सर्कलहून निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या रॅलीवरचा लेख वाचला. त्यात सिट्रोएन डीएस या फ्रेंच गाडीला अर्धे पान दिलेत, हे आवडले. एरवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांवरचे लेखन फियाट, अँबेसिडर आणि संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस यांच्या पलीकडे सहसा जात नाही. मात्र लेखातील चार विधाने चुकीची आहेत. त्यांपैकी एक वाचून कुणी हाताखालच्या गाडीवर प्रयोग केला, तर हजारो रुपयांचे नुकसान होईल. म्हणून हे पत्र.

आधी छायाचित्र. त्याखाली ‘१९५५ ची मूळ डीएस’ असे छापले आहे. चित्रातल्या गाडीला पुढे काचेआड दोन-दोन, असे चार दिवे आहेत, आणि दरवाजांची हँडले पत्र्यात खोल बसवलेली आहेत. काचेआडचे जोडदिवे सप्टेंबर १९६७ मध्ये आले. खोल बसवलेली हँडले त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे १९७२ च्या मॉडेलपासून. तेव्हा ही गाडी मालिकेच्या शेवटच्या चार वर्षांतली आहे. स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवेही पहिल्या दिवसापासून होते असे लेखात म्हटले आहे, तेही याच कारणाने चूक. आतली जोडी तारांनी स्टिअरिंगला जोडलेली असते आणि वळणाच्या आत बघते. बाहेरची जोडी गाडी पुढे-मागे झुकली तरी झोत सरळ ठेवते. १९६७ पूर्वीच्या कुठल्याही डीएसवर हे नाही, आणि नंतरही साध्या मॉडेलना ते सरसकट मिळाले नाही.

तारखांचा एवढा काथ्याकूट का, असे कुणी म्हणेल. डीएस वीस वर्षे बनली आणि बाहेरून फारशी बदलली नाही, पण आतून ती तीन-चार वेळा वेगळी गाडी झाली. कोणत्या वर्षाची आहे हे कळल्याशिवाय तिच्यात कोणते तेल घालायचे हेसुद्धा ठरत नाही.

मुळात ती १९५५ मध्ये एकाएकी अवतरली नाही. सिट्रोएनच्याच १९३४ च्या त्राक्सिओं आव्हां या गाडीने फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि चासीविना एकसंध बॉडी रस्त्यावर आणली. तिच्या जागी येणाऱ्या मोठ्या गाडीचे काम १९३८ च्या सुमारास सुरू झाले. कंपनी तेव्हा मिशेलिनच्या ताब्यात होती आणि कारभार पिएर-ज्यूल बुलांजे यांच्याकडे होता. युद्धात काम लपूनछपून चालले. १९५० मध्ये बुलांजे स्वतः त्राक्सिओं चालवत असताना अपघातात गेले, तरी प्रकल्प थांबला नाही. एकूण यंत्ररचना आंद्रे लफेव्र यांची, आकार इटालियन शिल्पकार फ्लामिनिओ बर्तोनी यांचा, आणि सगळ्या हायड्रॉलिक व्यवस्थेचा जनक पॉल माजेस. माजेस यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. कदाचित म्हणूनच स्प्रिंग काढून तिथे वायू बसवावा हा विचार त्यांना वेडगळ वाटला नसावा. विक्रीची गाडी हीच प्रयोगशाळा करून त्यांनी १९५४ मध्ये सहा सिलिंडरच्या त्राक्सिओंच्या फक्त मागच्या चाकांवर हे सस्पेन्शन लावून पाहिले.

५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या प्रदर्शनात डीएस १९ उभी राहिली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० मागण्या नोंदवल्या गेल्या. हा आकडा आपल्या लेखात आहे आणि बरोबर आहे. लेखात नाही ते असे की, एवढ्या नव्या गाडीत इंजिन जुनेच होते. हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे आडवे इंजिन ठरले होते; ते जमले नाही. मग त्राक्सिओंचेच १९११ सीसीचे चार सिलिंडरी इंजिन घेऊन त्याला ॲल्युमिनियमचे नवे हेड बसवले आणि ७५ अश्वशक्ती मिळवली. एवढ्या बळावर गाडी ताशी १४० किलोमीटर गाठायची, ती तिच्या आकारामुळे. इंजिन मात्र खडखडाटी, आणि अर्धे केबिनच्या दिशेने आत घुसलेले. डीएसमध्ये एकच उणीव सांगायची तर ही.

पहिल्या दोन वर्षांत गाऱ्हाणी पुष्कळ झाली. गुप्तता इतकी पाळलेली की कंपनीच्या स्वतःच्या डीलरांनाही गाडी प्रदर्शनातच दिसली. मेकॅनिकांचे प्रशिक्षण मागाहून. पाइपांच्या जोडांतून गळती, पंप बंद पडणे, आणि पंप गेला की त्याबरोबर सस्पेन्शन, पॉवर स्टिअरिंग, ब्रेकची ताकद आणि क्लच-गियरची यंत्रणा, सगळेच लंगडे. कारण सगळे एकाच दाबावर चालते. यावर उतारा म्हणून १९५७ मध्ये आयडी १९ आली: तीच बॉडी, तेच सस्पेन्शन, पण साधा गियरबॉक्स, साधा क्लच आणि पॉवर नसलेले स्टिअरिंग. टॅक्सीवाले आणि खेड्यातले डॉक्टर यांनी तीच घेतली. दोन्हींच्या मधली गाडी हवी म्हणणाऱ्यांसाठी १९६३ पासून डीएसही साध्या गियरबॉक्ससह मिळू लागली. आयडीच डीएसपेक्षा टिकाऊ, असे जे सांगतात त्यांचे म्हणणे पहिल्या दशकापुरते खरे आहे.

आता आपल्या लेखातले दुसरे विधान: ‘गाडी हवेच्या फुग्यांवर तरंगते.’ फुगे नाहीत आणि हवाही नाही. प्रत्येक चाकाला एक सिलिंडर आणि त्याच्या टोकाला पोलादी गोळा. गोळ्याच्या आत रबरी पडदा; पडद्याच्या वर नायट्रोजन, खाली द्रव. चाक खड्ड्यातून वर आले की द्रव पडद्याला ढकलतो आणि नायट्रोजन दाबला जातो. हीच स्प्रिंग. गोळ्याच्या तोंडाशी लहान व्हॉल्व्ह असतो. द्रव त्यातून अडखळत जातो, तोच शॉकअ‍ॅब्सॉर्बर. मागे तीन माणसे बसली की गाडी खाली बसते, अँटी-रोल बारला जोडलेला उंची नियंत्रक ते ओळखतो आणि जास्तीचा द्रव आत सोडून गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणतो. वजन वाढले की वायू जास्त दबतो आणि स्प्रिंग आपोआप कडक होते. त्यामुळे रिकामी आणि भरलेली गाडी जवळपास सारखीच डुलते. पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या गाडीत हे कधीच साधत नाही. ब्रेकचा पुढे-मागे वाटाही मागच्या सस्पेन्शनच्या दाबावरून ठरतो, म्हणजे मागे ओझे असेल तरच मागचे ब्रेक जोरात लागतात.

पंप इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. दाब १७५ बारच्या आसपास पोचला की रेग्युलेटर पंपाला मोकळे सोडतो आणि १४५ च्या आसपास उतरला की पुन्हा जोडतो. आपल्या टायरात ३० पाउंड हवा असते. इथे अडीच हजार पाउंडांची गोष्ट आहे. म्हणून बोनेटखाली कुठे बारीक फवारा उडत असेल तर बोटाने चाचपू नये. सुईएवढे भोक असले तरी द्रव कातडीत घुसतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधावी.

तिसरे विधान सगळ्यांत घातक: ‘टाकीत द्रव कमी झाल्यास साधे ब्रेक ऑइल घालता येते.’ सप्टेंबर १९६६ पूर्वीच्या गाड्यांत लाल द्रव असे, आधी वनस्पतिजन्य आणि नंतर कृत्रिम. त्यानंतर सिट्रोएनने हिरवे खनिज तेल आणले, त्याला एलएचएम म्हणतात. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांत मात्र १९६९ पर्यंत लालच राहिले, तेव्हा गाडी तिथून फिरत आलेली असेल तर नुसत्या सालावर जाऊ नये. लाल द्रवाच्या गाडीत अडीअडचणीला ब्रेक ऑइल चालून जाते, कारण दोन्ही एकाच गोत्रातले. हिरव्या द्रवाच्या गाडीत ते घातले की सगळ्या सिलांचा सत्यानाश होतो: पंप, रेग्युलेटर, चार सिलिंडर, ब्रेक, स्टिअरिंग, एकही सील शिल्लक राहत नाही. उलट, लाल गाडीत हिरवे घातले की तिची रबरे फुगून अडकतात. हिरवी गाडी रस्त्यात अडली आणि एलएचएम नसेल, तर पातळ इंजिन ऑइल घालून घरापर्यंत आणता येते. मग ते काढून टाकून व्यवस्था स्वच्छ करावी लागते.

ओळखायचे कसे? हिरव्या व्यवस्थेचे भाग कारखान्यातून हिरवा रंग देऊन आले, लाल व्यवस्थेचे काळे. पण साठ वर्षांत कुणी काय रंगवले असेल याचा भरवसा नाही. टाकीतले दोन थेंब पाण्याच्या पेल्यात टाकावेत. लाल द्रव पाण्यात मिसळतो, एलएचएम वर तरंगते. आणखी एक खूण: लाल द्रव सांडला की खालचा रंग सोलून निघतो, हिरव्याने निघत नाही. मागच्या मालकाने चुकीचे द्रव घातल्याचा संशय असेल तर इंजिन सुरूच करू नये. आधी टाकी आणि पाइप रिकामे करावेत.

सिट्रोएनने द्रव बदलला त्यामागचे कारण मुंबईकराला दुसऱ्याने समजावून सांगायला नको. लाल द्रव हवेतला ओलावा पितो. पॅरिसमध्येसुद्धा पाणी शिरून पोलादी पाइप आणि सिलिंडर आतून गंजत, आणि तो गंज मायक्रॉनच्या फटींवर चालणाऱ्या व्हॉल्व्हांत जाऊन बसे. मग आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टचे काय सांगावे. मुंबईत लाल गाडी ठेवायची तर द्रव दरवर्षी पावसाळा संपल्यावर पूर्ण बदलावा आणि उघडलेला डबा पुढच्या खेपेसाठी ठेवू नये. सस्पेन्शन सिलिंडरांवरच्या रबरी टोप्या पावसाआधी तपासाव्यात. तुंबलेल्या रस्त्यावरचे पाणी फाटलेल्या टोपीतून आत जाते आणि परतीच्या नळीने टाकीत पोचते. गाडी महिनोन्महिने झाकून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा इंजिन चालवून गाडीची उंची बदलणारा दांडा अगदी खालपासून अगदी वरपर्यंत नेऊन आणावा. व्हॉल्व्ह हलते राहिले की चिकटत नाहीत. रात्रभर उभी राहून गाडी खाली बसत असेल तर घाबरू नये. डीएसचा तो धर्म आहे. सुरू केल्यावर आधी मागचा भाग उठतो, मग पुढचा. पाच-सात मिनिटांतही उठली नाही, तर मात्र पंपाच्या चाळणीपासून तपास सुरू करावा.

गोळ्यांविषयी थोडे अधिक. नायट्रोजन पडद्यातून हळूहळू निसटत जातो, गाडी चालो वा न चालो. सेडानच्या पुढच्या गोळ्यात तो मुळात सुमारे ५९ बार असतो, मागच्यात सुमारे २६. गाडीचा कोपरा हाताने दाबून बघावा: मऊपणे खाली जाऊन सावकाश वर आला तर गोळा ठीक, भिंतीसारखा कडक लागला तर रिकामा. मुख्य साठवण गोळ्याची, म्हणजे पंपाचा दाब साठवणाऱ्या गोळ्याची, परीक्षा कानाने होते. गाडी उंचीवर येऊन स्थिरावल्यावर इंजिन मंद ठेवून रेग्युलेटरची ‘टक्’ ऐकावी. दोन टकांमध्ये अर्धा मिनिट किंवा अधिक गेला तर उत्तम. दर दोन-तीन सेकंदांनी टकटक होत असेल तर गोळा गेला आहे किंवा आत कुठेतरी दाब निसटतो आहे. अशी गाडी घेऊन पेडर रोडचा चढ-उतार करू नये, कारण ब्रेकही याच दाबावर चालतात.

पेट्रोल पंपावर हिरव्या टोपणाचा नायट्रोजन मिळतो, तो इथे उपयोगाचा नाही. तेवढ्या दाबाने पडदा जागचा हलणारही नाही. आणि कुणी मिस्त्री ‘कॉम्प्रेसरने साधी हवा भरून देतो’ म्हणाला तर त्याला नमस्कार करून निघावे. दाबाखालचे तेल आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. नायट्रोजन वापरतात तो याच कारणाने. ज्या वर्कशॉपात औद्योगिक सिलिंडर, दाब-नियंत्रक आणि या गोळ्यांना बसणारा जोड आहे तिथेच हे काम करावे.

चाक बदलायला जॅक लागत नाही, हे लेखकाने केलेले कौतुक योग्य आहे, फक्त क्रम राहिला. चाक बदलायचे तर आधी गाडी पूर्ण वर घ्यायची, मधल्या पट्टीखाली घोडी लावायची, मग दांडा खाली करायचा. चाके आपोआप जमिनीवरून सुटतात. मागच्या चाकासाठी मडगार्ड काढावे लागते, पण ते एकाच बोल्टवर आहे. मात्र नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नये. पाइप फुटला तर सव्वा टनाची गाडी क्षणात खाली येते. मजबूत घोड्या लावाव्यात, रेग्युलेटरचा स्क्रू एखादा फेरा सैल करून दाब सोडावा, आणि मगच खाली सरकावे.

तोच एक बोल्ट विकत घेणाऱ्याच्याही कामाचा. डीएसची बाहेरची सगळी पत्र्याची कातडी बोल्टने लावलेली आहे, ती भार घेत नाही. बोनेट ॲल्युमिनियमचे आणि छप्पर बहुतेक गाड्यांत फायबरग्लासचे. भार घेतो तो आतला सांगाडा, आणि गंज तिथेच धरतो. डेंटिंग-पेंटिंग करून आणलेली चकचकीत गाडी समोर आली की मालकाला मागचे मडगार्ड काढायला सांगावे. आतल्या खांबाचा पाया, डिकीचा तळ आणि दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्यांचा खालचा भाग स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावा. टोक आत गेले तर सौदा मोडावा. मालक मडगार्ड काढायला तयारच नसेल तर उत्तर तिथेच मिळाले.

इंजिनाची जुनी तक्रार १९६५ मध्ये मिटली. नवे, कमी स्ट्रोकचे, पाच बेअरिंगांचे इंजिन आले: डीएस २१ मध्ये २,१७५ सीसी, छोट्या मॉडेलमध्ये १,९८५. त्याच वर्षी मध्यवर्ती एका नटाची चाके जाऊन पाच बोल्टांची आली. बर्तोनी १९६४ मध्ये वारले होते, त्यामुळे १९६७ चे नाक रोबेर ओप्रों यांनी घडवले. पुढे डॅशबोर्डवर तीन गोल घड्याळे बसली, १९६९ मध्ये बॉशचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, १९७२ मध्ये २,३४७ सीसीची डीएस २३. माझ्या मते चालवायला आजही योग्य ती १९६७ ते १९६९ मधली, हिरव्या द्रवाची, कार्ब्युरेटरवाली डीएस २१. इंजेक्शनची गाडी अंगाने वेगवान, पण तिचे सेन्सर आणि वायरिंग आपल्याकडे दुरुस्त करणारा हात मिळणे कठीण. २४ एप्रिल १९७५ रोजी शेवटची डीएस बाहेर पडली. एकूण १४,५५,७४६ गाड्या बनल्या.

तिची जागा घेणारी सीएक्स १९७४ मध्येच आली होती. तिने डीएसचीच इंजिने आडवी बसवून घेतली आणि उभ्या गाडीतही स्वतःहून सरळ होणारे स्टिअरिंग सिट्रोएनच्याच एसएम या गाडीकडून उचलले. पुढे प्यूजोने कंपनी ताब्यात घेतली. १९८९ च्या एक्सएमने सस्पेन्शनला संगणक जोडला आणि सुरुवातीच्या गाड्यांत विजेच्या जोडण्यांनी मालकांना जेरीस आणले. रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडोसाठी सिट्रोएनचा परवाना घेतला होता, एवढे इथे सांगितले पाहिजे. रॅलीत दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या आणि लेखात हा धागा सुटला.

चौथे विधान आजच्या सिट्रोएनबद्दल. २०२१ मध्ये भारतात आलेल्या सी५ एअरक्रॉसमध्ये ‘डीएसचेच सस्पेन्शन’ आहे असे लिहिले आहे. नाही. तिच्यात नेहमीच्या स्प्रिंगा आणि नेहमीचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आहेत. फक्त त्यांच्या दोन्ही टोकांना रबरी अडसराऐवजी लहान हायड्रॉलिक उशी आहे. पंप, गोळे, नायट्रोजन काही नाही. मोठ्या खड्ड्यातला शेवटचा दणका ती खाते, गाडीची उंची सांभाळत नाही.

शेवटच्या डीएसला २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाल्याने आता प्रत्येक डीएस केंद्राच्या २०२१ च्या व्हिंटेज नोंदणी नियमांत बसण्याच्या वयाची आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. त्यामुळे १९६४ च्या गाडीवर १९६८ चे नाक चढवून देणाऱ्यांपासून सावध राहावे. आणि रॅलीआधी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलाव्यात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याने मऊ पडून चिरते, आणि इंजेक्शनच्या गाडीत ती चीर दाबाखाली, गरम इंजिनच्या अगदी डोक्यावर असते. इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्यावी आणि क्लिपाही नव्या घालाव्यात.

आपला,
एक वाचक, माहीम, मुंबई